टांकसाळदोष (आद्य अमेरिकन ताम्रनाण्यांवरील)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आरंभीच्या ताम्रनाण्यांवर, मुख्यतः १७९३ ते १८५७ या काळात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडलेल्या सेंट व अर्ध्या सेंटवर आढळणारे कोरणीचे, चकतीचे (छाप उमटवण्यापूर्वीच्या कोऱ्या तुकड्याचे) व ठोक्याचे दोष. त्याआधी घटक राज्यांनी पाडून घेतलेल्या नाण्यांवरही ते विपुल आहेत. कनेक्टिकटच्या काही नाण्यांवर ‘ऑक्टोरी’ या लॅटिन शब्दात आरऐवजी पी किंवा बी आहे. न्यू जर्सीच्या १७८७ च्या काही नाण्यांवर ‘प्लुरिबस’ या लॅटिन शब्दातला शेवटचा यू गळलेला आहे.

नाणकशास्त्रात ठशातली, म्हणजे छाप उमटवणाऱ्या कोरीव पोलादी साच्यातली, चूक आणि ठोक्यातली चूक वेगळ्या धरतात. ठशातली चूक त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर उमटते. म्हणून तिच्यावरून ठसा ओळखता येतो. ठोक्यातली चूक, म्हणजे केंद्र सरकणे, दुहेरी ठोका बसणे, आधीचे नाणे अडकून त्याचीच उलटी छाप उमटणे, ही त्या एका नाण्यापुरती असते. अमेरिकन नाणे-अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये केलेले १७९३–१८१४ च्या सेंटांचे वर्गीकरण पुढील व मागील बाजूच्या ठशांच्या जोड्यांवर आधारलेले असून आजही त्याचेच क्रमांक रूढ आहेत.

त्या काळी ठशावर अक्षरे व आकडे एकेक करून ठोकणीने (टोकाला अक्षर किंवा आकडा कोरलेल्या पोलादी हत्याराने) उमटवीत. ठोकणी उलटी धरली की चूक कायमची होई. ठसा टाकून देण्याइतके चांगले पोलाद मात्र हाताशी नसे. १७९६ च्या एका सेंटवर ‘लिबर्टी’ हा शब्द ‘लिहर्टी’ असा वाचला जातो. बी हे अक्षर प्रथम उलटे ठोकले गेले व त्यावरच सरळ ठोकून दुरुस्त केले, हे स्पष्टीकरण सामान्यतः स्वीकारले जाते. ते पटण्यासारखे आहे : बी अर्ध्या वर्तुळात फिरवला की त्याचा उभा दांडा उजवीकडे जातो आणि दोन्ही छाप एकावर एक पडल्यावर दोन उभ्या दांड्यांचा एच दिसू लागतो. १८०१ च्या ‘तीन चुकांच्या’ सेंटच्या मागील बाजूस १/१०० ऐवजी १/००० हा अपूर्णांक, पानांच्या माळेचा एकच देठ आणि ‘युनायटेड’मध्ये यूच्या जागी दोन आय आहेत. शेवटची चूकही अक्षर उलटे ठोकल्यानेच झाली असावी. १/००० हा अपूर्णांक १८०२ च्या काही सेंटवर पुन्हा आढळतो.

एकसारख्या दिसणाऱ्या दोषांची कारणे मात्र निराळी असू शकतात. स्वातंत्र्यदेवतेच्या टोपीमागची काठी १७९६ च्या एका अर्ध्या सेंटवर नाही, कारण कोरणारा ती विसरला. हा ठसा पुढे आडवा तडकला. १७९५ च्या काही अर्ध्या सेंटवरही ती नाही, पण तेथे ठसा घासून गुळगुळीत करताना ती पुसली गेली. पहिली कोरणीची चूक, दुसरी ठशाच्या देखभालीची. संग्राहकांच्या याद्यांत हा भेद पुष्कळदा राहून जातो.

१७९४ चा ‘तारांकित’ सेंट सर्वांत वादग्रस्त आहे. त्याच्या मागील बाजूस कडेच्या दंतुर नक्षीमध्ये ९४ अतिसूक्ष्म पंचकोनी तारे आहेत. १८७७ मध्ये हेन्री चॅपमन यांनी ते प्रथम निदर्शनास आणले. कोणी याला कोरणाऱ्याची लहर म्हणतात, कोणी बनावट नाणी ओळखण्याची खूण. सरावासाठी किंवा दुसऱ्या नमुन्यासाठी केलेला ठसा निकडीपोटी वापरात आणला, असेही मत आहे. पोलादाची टंचाई पाहता ते अधिक संभवनीय वाटते. तसे असल्यास याला काटेकोर अर्थाने चूक म्हणता येणार नाही.

तांब्याची चणचणही नाण्यांवर उमटली आहे. १७९५–९७ च्या काही अर्ध्या सेंटच्या चकत्या वाया गेलेल्या सेंटमधून, तर काही न्यूयॉर्कच्या टॅलबट, ऑलम अँड ली या पेढीच्या टोकनांमधून (खाजगी नाणेवजा बिल्ल्यांमधून) कापलेल्या आहेत. नवी छाप फिकी पडली असेल तेथे टोकनावरच्या जहाजाच्या रेषा किंवा जुनी अक्षरे अजून दिसतात. पुढे बऱ्याच चकत्या बर्मिंगहॅमच्या बोल्टन व वॉट यांच्याकडून आल्या. याच बोल्टनच्या सोहो टांकसाळीत ईस्ट इंडिया कंपनीची मुंबई इलाख्यासाठीची १७९१ व १७९४ ची ताम्रनाणी पाडली गेली होती.

जुन्या ठशावर नवे वर्ष ठोकण्याची रीत (उदा., १७९९ खाली १७९८, १८०७ खाली १८०६) ही चूक नसून काटकसर होय. साल चार आकड्यांच्या एकसंध ठोकणीने उमटवू लागल्यावरही उलट्या ठोकण्या थांबल्या नाहीत : १८४४ व १८५१ च्या काही सेंटवर सालाच्या शेवटच्या दोन अंकांखाली ८१, म्हणजे उलटा पडलेला १८, दिसतो. ही जुन्या ठशावर नवे वर्ष ठोकल्याची नसून त्याच वर्षाची ठोकणी आधी उलटी पडल्याची खूण आहे.