दाराला तीन देव

ऑगस्ट ४१० मध्ये अलारिकच्या व्हिसिगॉथ सैन्याने रोम लुटले. जुने देव सोडून ख्रिस्ती झालो, त्याचीच ही फळे, अशी कुजबुज लगेच सुरू झाली. तिला उत्तर द्यायला उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन ४१३ च्या सुमारास लिहायला बसला. ‘देवाचे नगर’ या त्याच्या ग्रंथाचे २२ भाग पुरे व्हायला ४२६ साल उजाडले.

आरोप तसा जुनाच होता. कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने १९७ च्या सुमारास वैतागून लिहिले होते: टायबरला पूर आला, नाईलला नाही आला, दुष्काळ पडला, साथ आली, तरी आरडाओरडा एकच, ‘ख्रिस्त्यांना सिंहापुढे टाका!’ गंमत म्हणजे तेव्हा नास्तिक म्हणत ते ख्रिस्त्यांनाच. गावाच्या देवांना धूप घालत नाही तो नास्तिक, इतका सरळ हिशेब.

जुन्या देवांवरच्या ऑगस्टीनच्या टीकेचा दारूगोळा मात्र बराचसा परक्या कोठारातला. देव म्हणजे मुळात होऊन गेलेले राजे, हे ग्रीक युहेमेरसने ख्रिस्तापूर्वीच सांगून ठेवले होते. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने मूर्तिपूजेची यथेच्छ टर उडवली आणि वर सल्ला दिला, की शहाण्याने हे सारे पाळावे ते कायदा म्हणून, देवाला आवडते म्हणून नव्हे. ऑगस्टीनला झोंबला तो हा दुटप्पीपणा.

त्याची खरी मजा चालते ती बारक्या देवांवर. दाराच्या फळ्यांचा फोर्कुलस, बिजागरीची कार्डिया, उंबऱ्याचा लिमेंटिनस. अरे, दरवान एकच पुरतो, आणि तो तर नुसता माणूस! वार चपखल आहे, पण थोडा सोपाही. असल्या याद्या पंडित-पुरोहितांच्या. शेतावर नैवेद्य दाखवणाऱ्याला त्यातली किती नावे ठाऊक असतील? शिवाय रोमन सम्राट थिओडोसियसने ३९१-९२ मध्येच यज्ञबळींवर बंदी घातली होती. म्हणजे प्रतिपक्षाचे हात आधीच बांधलेले.

या देवांविषयी ऑगस्टीनचा मोठा आधार म्हणजे इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन पंडित व्हॅरो. रोमन पुरातनावरच्या त्याच्या ४१ भागांपैकी १६ देवधर्मावर होते. आपले देव शत्रूच्या हल्ल्याने नव्हे, तर नागरिकांच्या हेळसांडीने नाहीसे होतील, ही भीती वाटून त्याने ते लिहिले. मूळ ग्रंथ हरवला. त्या १६ भागांतले जे काही आज हाती आहे, त्यातले बरेचसे ऑगस्टीनने खोडून काढण्यासाठी उतरवून घेतलेले.