‘शंकराभरणम्’मधल्या त्या मुलाचा आवाज कुणाचा? वाणी जयराम की एस. जानकी?

के. विश्वनाथ यांच्या ‘शंकराभरणम्’ या तेलुगू चित्रपटाचं शेवटचं गाणं, ‘दोरकुना’, कुणीतरी पाठवतं आणि खाली हमखास लिहितं, ‘काय गायल्यात जानकीअम्मा!’ गाणं अप्रतिम आहे यात वाद नाही. पण त्यात जानकी नाहीत. तो गळा वाणी जयराम यांचा आहे. ही चूक मराठी माणसाकडून झाली की मला जास्त लागते, कारण वाणी जयराम आपल्याला परक्या नाहीत.

त्यांची ओळख करून द्यायला नकोच. ‘गुड्डी’तलं ‘बोले रे पपीहरा’ आणि कुमार गंधर्वांबरोबरचं ‘ऋणानुबंधाच्या’, दोन्ही वसंत देसाईंच्या चाली. वेल्लोरचा जन्म, लहानपणापासून कर्नाटक संगीत, स्टेट बँकेतली नोकरी, लग्नानंतर मुंबई आणि तिथे उस्ताद अब्दुल रहमान खाँ यांच्याकडे पतियाळा घराण्याची तालीम. १९७४ पासून मुक्काम मद्रासला.

एस. जानकी मूळच्या आंध्रातल्या, गुंटूर जिल्ह्यातल्या. जन्म १९३८चा, म्हणजे वाणी जयराम यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या. १९५७ साली तमिळमधून सुरुवात. तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळम, चारही भाषांत त्या घरच्याच होऊन गायल्या. गाव, मातृभाषा, वय यांत गोंधळ झाला तर मी सोडून देईन. घोळ होतो तो आवाजाच्या बाबतीत, आणि तोही अर्धवट माहितीमुळे.

झालंय असं, की जानकी लहान मुलाचा, म्हातारीचा, हवा तो आवाज काढतात हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. ते खरंही आहे. पात्र सात वर्षांचं असेल तर त्यांचा गळा सात वर्षांचा होतो. मग ‘शंकराभरणम्’ बघताना पडद्यावर मुलगा दिसतो, आवाज बाईचा आहे हे कळतं, आणि हिशेब होतो : मुलगा गातोय, म्हणजे जानकीच!

आता तो प्रसंग डोळ्यांपुढे आणा. चित्रपटाचे नायक, गायक शंकरशास्त्री मैफलीत गाता गाता कोसळतात आणि अर्धं राहिलेलं गाणं शिष्य पुढे नेतो. शास्त्रीबुवांसाठी एस. पी. बालसुब्रह्मण्यम, शिष्यासाठी वाणी जयराम. नीट ऐकलंत तर लक्षात येईल, की मुलाचा आवाज काढायचा प्रयत्न त्यात औषधालाही नाही. लाडिकपणा नाही, बोबडेपणा नाही. सूर स्वच्छ, सरळ, नेमका जागेवर. मुलगा पोरका होतोय, पण विद्या पोरकी होत नाहीये, हे त्या स्थिर सुरातूनच कळतं. पात्राचं वय गळ्यात आणायची गरज वाणी जयराम यांना वाटली नाही, आणि तेच बरोबर होतं असं माझं ठाम मत आहे.

जानकीसुद्धा याच चित्रपटात आहेत, म्हणून तर गल्लत वाढते. त्या गायल्यात शास्त्रीबुवांच्या मुलीसाठी, शारदेसाठी. ‘सामजवरगमना’ लावा आणि लगेच ‘दोरकुना’ लावा. संगीतकार एकच, के. व्ही. महादेवन. सोबतीचा पुरुष गायकही एकच. तरी पहिल्यात शब्दाला श्वास आहे, लाज आहे, प्रेमात पडलेल्या मुलीचं वय आहे. दुसऱ्यात आधी स्वर उभा राहतो आणि भावना त्याच्या मागून येते. एकदा हा फरक कानात बसला की श्रेयनामावली बघावी लागत नाही.

अजून शंका असेल तर ‘स्वाती किरणम्’ या चित्रपटातली गाणी ऐका. त्यात गाणारा मुलगा झालाय मास्टर मंजुनाथ, आपल्या ‘मालगुडी डेज’मधला स्वामी. दिग्दर्शक पुन्हा के. विश्वनाथ, संगीतकार पुन्हा महादेवन आणि मुलाचा आवाज पुन्हा वाणी जयराम. यातल्या ‘आनति नीयरा’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

इतकं सांगितलं की काही जण दुसऱ्या टोकाला जातात : वाणी जयराम शास्त्रीय, जानकी फक्त नकलाकार. हे तर मला मुळीच खपत नाही. १९६२च्या ‘कोंजुम सलंगै’ या तमिळ चित्रपटातलं ‘सिंगारवेलने’ ऐका. समोर कारुकुरिची अरुणाचलम यांचं नादस्वरम्, देवळाच्या आवारात दणाणणारं वाद्य. जानकींचा गळा त्याच्या मागे मागे जात नाही, जागेला जागेनं उत्तर देतो. रीतसर मोठी तालीम नसताना हे साधलेल्या बाईला नकलाकार म्हणायला जीभ धजावते कशी! दोघींनाही (आणि वर दक्षिणेतल्याच गायिका पी. सुशीलांनाही) ‘दक्षिणेच्या लता’ म्हणणारे असतातच. तीन वेगळ्या गळ्यांना एकच लेबल लावलं की ऐकायचे कष्ट वाचतात.

पुरस्कारांचं थोडक्यात. राष्ट्रीय पुरस्कार जानकींना चार, वाणी जयराम यांना तीन. ‘शंकराभरणम्’चा वाणी जयराम यांचा, जानकींचा नव्हे. पद्मभूषण जानकींना २०१३ मध्ये जाहीर झालं, ते फार उशिरा आलं म्हणून त्यांनी नाकारलं. वाणी जयराम यांना जाहीर झालं जानेवारी २०२३ मध्ये. ते हाती पडण्याआधीच, ४ फेब्रुवारीला, चेन्नईत त्या गेल्या.