‘शेवटचं टॉवर लोकेशन’ येतं कुठून?

होडी बेपत्ता झाली किंवा कुणी घरातून निघून गेलं, की बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: मोबाइलचं शेवटचं लोकेशन अमुक गावचा टॉवर. वाचणारा समजतो, माणूस त्याच गावात होता. पण धोपावे जेटीवर उभ्या असलेल्याचा फोन खाडीपलीकडच्या दाभोळचा टॉवर पकडू शकतो. पाण्यावर लहरींना आडवं यायला काहीच नसतं. फेरीबोटीने हा पल्ला काही मिनिटांचा. रस्त्याने निघालात तर चिपळूणचा वळसा.

हा ढोबळपणा जन्मापासूनचा आहे. 1947 साली अमेरिकेच्या बेल लॅब्जमधल्या डग्लस रिंग यांनी प्रदेशाचे षट्कोनी तुकडे पाडून त्याच त्या फ्रिक्वेन्सी पुन्हा पुन्हा वापरण्याची कल्पना मांडली. मोजक्या फ्रिक्वेन्सीत जास्त लोकांची सोय करायची, एवढाच हेतू. माणसाचा ठावठिकाणा हवा होता तो कॉल पोचवण्यापुरता. फोन खिशात गप्प असला की नेटवर्कला अनेक टॉवरांचा मिळून एक मोठा टापूच माहीत असतो. कॉल आला की त्या साऱ्या टापूत दवंडी पिटायची. फोन ज्या टॉवरला ‘ओ’ देईल, तो त्याचा टॉवर.

अंतर कळू लागलं तेही एका अडचणीपायी. 1991 मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेल्या जीएसएम या 2जी मोबाइल पद्धतीत आठ फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीपाळीने बोलतात. एकेक पाळी 577 मायक्रोसेकंदांची. लांबच्या फोनचा सिग्नल उशिरा पोचून पुढच्याच्या पाळीत घुसू नये, म्हणून टॉवर त्याला सांगतो, तू जरा आधी पाठव. किती आधी, हे 0 ते 63 या आकड्यांत सांगितलं जातं आणि एकेक पायरी सुमारे 550 मीटरची. म्हणूनच नेहमीच्या रचनेत 2जी टॉवरची हद्द साधारण 35 किलोमीटर, म्हणजे जवळपास 19 सागरी मैल. त्यापुढे सिग्नल पोचला तरी कॉल लागत नाही. 4जीत हीच पायरी 78 मीटरांवर आली.

पण अंतराने फक्त वर्तुळ मिळतं, दिशा नाही. टॉवरवरच्या अँटेना सहसा तीन दिशांना वाटलेल्या असतात, त्यामुळे वर्तुळाचा एक तुकडा उरतो. दुसऱ्या टॉवरचं अंतर मिळालं तर दोन वर्तुळं दोन जागी छेदतात. इथे किनारपट्टीची गोम आहे: टॉवर किनाऱ्याने एका ओळीत असले, तर एक छेद समुद्रात पडतो, दुसरा तेवढाच आत जमिनीवर. ओळीतला तिसरा टॉवर जोडूनही हा पेच सुटत नाही. तो सोडवते ती अँटेनाची दिशा.

माणूस शोधणं हे नेटवर्कचं कर्तव्य ठरलं ते अमेरिकेत, 1996 साली. तिथे लँडलाइनवरून 911 हा आणीबाणीचा नंबर फिरवला की पत्ता आपोआप दिसे, मोबाइलवरून दिसेना. मग दूरसंचार आयोगाने कंपन्यांना बांधून घेतलं. काहींनी अनेक टॉवरांवर सिग्नल पोचण्याच्या वेळेतला फरक मोजला. ही युक्ती दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांना वाट दाखवणाऱ्या ‘जी’ यंत्रणेतही होती. काहींनी फोनमध्येच जीपीएस बसवलं. पुढे जीपीएसचीच सरशी झाली. भारतात 2016 साली हँडसेटमध्ये पॅनिक बटण आणि जीपीएस असण्याचे नियम झाले.

जीपीएसला रेंज लागत नाही, हे मात्र अजून अनेकांना पटत नाही. रेंज गेली तरी होडीतल्या फोनला आपली जागा कळत असते. ती किनाऱ्यावर कळवायला रेंज लागते. आणि टॉवरच पडले, तर? 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोली भागात मोबाइल सेवा कोलमडली होती. अशा वेळी जवळचा टॉवर बंद म्हणून फोन लांबचा कुठला तरी पकडतो. नोंदीत त्या लांबच्या टॉवरचंच नाव येतं, म्हणून शोध घेणाऱ्यांनी त्या दिवशी कुठले टॉवर बंद होते हे आधी विचारावं.