सूज तीच, आजार वेगळा: मुलांमधला नेफ्रोटिक सिंड्रोम आणि नेफ्रायटिस

मूल सकाळी उठतं तेव्हा डोळ्यांभोवती सूज असते. ॲलर्जी समजून चार-दोन दिवस जातात, मग पायही सुजतात आणि लघवी तपासल्यावर "किडनीचा त्रास आहे" एवढंच पालकांच्या कानावर पडतं. पण अशी सूज आणणारे दोन नेहमीचे आजार आहेत: नेफ्रोटिक सिंड्रोम आणि संसर्गानंतर होणारा नेफ्रायटिस. एकाचं मुख्य औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून हा फरक सुरुवातीलाच कळायला हवा.

नेफ्रोटिकमध्ये किडनीच्या सूक्ष्म गाळण्या अल्ब्युमिन हे प्रथिन धरून ठेवू शकत नाहीत. ते लघवीवाटे जातं, रक्तातलं प्रमाण घटतं आणि अंगात पाणी साचतं. लघवीला फेस येतो, रंग मात्र सहसा बदलत नाही. हा आजार बहुधा २ ते ६ वर्षांच्या मुलांत सुरू होतो.

नेफ्रायटिसमध्ये त्याच गाळण्यांना दाह होतो. स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा धरल्यावर १ ते ३ आठवड्यांनी, त्वचेवर फोड आले असतील तर ३ ते ६ आठवड्यांनी, लघवी काळपट-तांबूस होते आणि कमी होते. यात खरा धोका रक्तदाबाचा. तो एकदम चढला तर डोकेदुखी, उलट्या, प्रसंगी झटकेही येतात. माझं स्पष्ट मत आहे की सुजलेल्या मुलाचा रक्तदाब मोजल्याशिवाय त्याला घरी पाठवूच नये. आणि तो मुलाच्या दंडाला बसेल अशा पट्ट्यानेच मोजावा. मोठ्यांचा पट्टा लावला तर आकडा खोटा कमी येतो.

नेफ्रायटिसवर मीठ-पाणी कमी करणं, लघवी वाढवणारं औषध आणि रक्तदाबावर नियंत्रण हेच उपचार. घशात जंतू उरला असेल तर पेनिसिलिन देतात, पण त्याने किडनीचा दाह लवकर ओसरत नाही. स्टेरॉइड सहसा लागत नाही. बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात आणि आजार सहसा उलटत नाही.

नेफ्रोटिकचं तसं नाही. १० पैकी ८-९ मुलांत स्टेरॉइडने प्रथिन जाणं थांबतं, पण पुढे बहुतेकांचा आजार उलटतो. म्हणून घरी रोज सकाळची पहिली लघवी पट्टीवर तपासून वहीत नोंदवायची. पिवळा चौकोन हिरवा होऊ लागला की प्रथिन जातंय. सलग ३ दिवस ३+ (म्हणजे रंगतक्त्यानुसार खूप प्रथिन) आलं तर आजार उलटला. सूज यायच्या आधीच हे कळतं, त्यामुळे ही वही फार मोलाची. सूज उतरली म्हणून स्टेरॉइड मनाने बंद करणं मात्र धोक्याचं.

पहिला कोर्स लांबवला तर आजार उशिरा उलटेल, असा पूर्वी समज होता. ब्रिटनमधल्या 'प्रेडनॉस' चाचणीत (२०१९) ८ आणि १६ आठवड्यांचे कोर्स ताडून पाहिले, तेव्हा पहिल्यांदा आजार उलटण्याच्या काळात फरक दिसला नाही. वारंवार स्टेरॉइड घ्याव्या लागणाऱ्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं, दोन्हींत सरसकट लागत नाही. नेफ्रायटिसमध्ये रक्तातलं सी-३ हे प्रतिकारशक्तीचं प्रथिन घटतं आणि साधारण ८ आठवड्यांत पूर्ववत होतं. ते तसंच कमी राहिलं, नेफ्रोटिकवर स्टेरॉइड लागू पडलं नाही किंवा दोन्हींची लक्षणं एकत्र दिसली, तर बायोप्सीचा सल्ला देतात.