मासेमारीतील बालवेठ आणि सुटका

मासेमारीच्या होड्यांवर किंवा कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये उचल, फसवणूक वा धाक यांच्या जोरावर राबवल्या जाणाऱ्या मुलांना सोडवून त्यांचे पुनर्वसन करण्याच्या कार्याचा विचार या नोंदीत केला आहे.

याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले क्षेत्र म्हणजे घानामधील व्होल्टा सरोवर. १९६५ साली पूर्ण झालेल्या आकोसोम्बो धरणामुळे सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर प्रदेश पाण्याखाली गेला आणि त्यातील झाडे तशीच उभी राहिली. त्यांच्या खोडांत अडकलेली जाळी सोडवण्यासाठी लहान मुलांना गढूळ पाण्यात बुड्या मारायला लावतात, आणि त्यात कित्येक मुले दगावतात. मुले बहुधा किनारपट्टीवरील गरीब घरांतून, पालकांच्या हाती थोडी रक्कम ठेवून आणलेली असतात. लहानपणी स्वतः अशा वेठीत सापडलेले जेम्स कोफी अन्नान यांनी २००३ मध्ये ‘चॅलेंजिंग हाइट्स’ ही संस्था स्थापन केली.

मुलाला होडीवरून उतरवणे हा सुटकेचा सर्वांत दिसणारा, पण सर्वांत छोटा भाग होय. भारतात सोडवलेल्या मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे उभे करावे लागते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने उचलीचे कर्जच रद्द होते. मात्र पुनर्वसनाची पूर्ण रक्कम मिळण्यासाठी वेठबिगारी सिद्ध व्हावी लागते, म्हणून मुक्ततेच्या दाखल्यासाठी (वेठबिगारीतून सोडवल्याच्या सरकारी प्रमाणपत्रासाठी) पाठपुरावा करणे हे कार्यकर्त्यांचे खरे काम ठरते. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी केली, पण शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा ठेवली. होडीवरचा मुलगा तांडेलाचा (होडीच्या प्रमुखाचा) पुतण्या असल्याचे सांगितले गेले, की ही मुभा पळवाट बनते.

मूल कोठे आहे हे विचारण्याच्या राज्याच्या अधिकाराचे एक जुने उदाहरण बडोद्याचे आहे. बडोदे शहराला समुद्र नाही. बडोदे संस्थानाला मात्र होता, कारण ओखामंडळ आणि कोडीनार हे किनारी महाल (तालुके) गायकवाडांचे होते. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग म्हणून सुरू केले, १९०६ मध्ये ते सर्व संस्थानात लागू केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला. हा कायदा मासेमारीसाठी केलेला नव्हता. तरी मूल कोठे आहे याची विचारणा करण्याचा अधिकार त्याने राज्याकडे घेतला, आणि आजच्या सुटकेच्या कामालाही हाच अधिकार लागतो. गुजरातमध्ये शाळा जूनमध्ये उघडतात, तर पावसाळी बंदी उठून होड्या ऑगस्टमध्ये समुद्रात जातात. त्यामुळे पटावर नाव असलेला मुलगा हंगामभर पाण्यावर असू शकतो, आणि त्याचा शोध हजेरीपटातील ऑगस्टनंतरच्या रिकाम्या चौकटींपासून सुरू करावा लागतो.