तांत्रिक नवकल्पना (नाशिकची द्राक्षशेती)

तेवढ्याच जमिनीतून, श्रमातून आणि भांडवलातून अधिक किंवा निराळे उत्पन्न मिळवून देणारा, रोजच्या कामात रुळलेला बदल म्हणजे तांत्रिक नवकल्पना. शोध आणि त्याचा व्यवहारात झालेला वापर या दोन गोष्टी वेगळ्या, हे अर्थशास्त्रज्ञ शुंपेटर यांनी ठासून मांडले. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतील १९०९–४९ या काळातील दर श्रमतासामागील उत्पादनवाढीचा सुमारे सात-अष्टमांश भाग तांत्रिक बदलाच्या खाती टाकला. अर्थात, भांडवलवाढीतून जे उलगडत नव्हते ते सगळेच या खात्यात जमा झाले होते. बदल नेमका येतो कुठून, हे पाहायला नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरी तालुक्यांतली द्राक्षबाग अधिक उपयोगी आहे.

द्राक्षबागेत वापरल्या जाणाऱ्या जिबरेलिक आम्ल या वाढ-संजीवकाचे मूळ जपानमधील भाताच्या एका बुरशीजन्य रोगात आहे. रोपे अवास्तव उंच वाढवणारा हा पदार्थ बुरशी तयार करते, हे १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवले. आज बिनबियांच्या थॉम्पसन द्राक्षाचा मणी त्याच्याच जोरावर फुगतो. १ ग्रॅम पावडर १०० लिटर पाण्यात पडली की १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) होते. फुलोऱ्याआधी घड मोकळा होण्यासाठी साधारण एवढेच द्रावण फवारतात. मणी ३–४ मिमीचा झाला की ४० पीपीएमच्या आसपासच्या द्रावणात घड बुडवतात, म्हणजेच डिपिंग करतात. पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ती आधी अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवतात. पाणी अल्कधर्मी असेल तर औषधाची ताकद उतरते, त्यामुळे सामू (पीएच) ६ च्या आसपास आणून द्रावण त्याच दिवशी संपवावे लागते. मात्रा चढली तर देठ जाड व ठिसूळ होतो. वेळ चुकून ऐन फुलोऱ्यात फवारणी झाली तर घडात बारीक मणी राहतात.

क्षार आणि पाणीटंचाई यांवर डॉगरिज या खुंटाने, म्हणजे ज्याच्या मुळांवर द्राक्षाचे कलम भरतात त्या वेलीने, उत्तर दिले. आधी खुंट लावून तो पेन्सिलीएवढा जाड झाल्यावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात जागेवरच कलम भरतात. पण डॉगरिजवरचा वेल जोमाने वाढतो. नत्र व पाणी आवरले नाही तर खरड छाटणीनंतर (नव्या काड्या तयार करण्यासाठीची उन्हाळी छाटणी) कॅनॉपी, म्हणजे पानांचा विस्तार, दाटते, काडीवर ऊन पडत नाही आणि सूक्ष्मघडनिर्मिती, म्हणजे डोळ्यांत पुढच्या घडांचे अंकुर तयार होणे, बिघडते. ऑक्टोबरच्या गोडी (फळासाठीच्या) छाटणीनंतर मग काड्या वांझ निघतात. शेंडेवाढ रोखण्यासाठी बागायतदार क्लोरमेक्वाट हे वाढरोधक रसायन वापरत. २०१० मध्ये त्याच्याच अवशेषांमुळे युरोपने भारतीय द्राक्षे अडवली. २००६ पासून अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या नोंदणी प्रणालीत प्लॉट नोंदवून मालाची तपासणी होत होती, पण पुढे तपासायच्या रसायनांच्या यादीत हेही आले. एका उपायाचा ताण दुसऱ्या जागी फुटला, की तिथे नवे काम उभे राहते.

इतर उद्योगांत वाढ पोचते ती याच वाटेने. निर्यातीचा माल काढणीनंतर काही तासांत प्रीकूलिंगला (साठवणीआधी थंड करायला) न्यावा लागतो. गाभ्यापर्यंत ४ अंश सेल्सियसच्या खाली उतरल्यावर तो सुमारे ० अंश आणि ९०–९५ टक्के आर्द्रतेत साठवतात. पेटीत बुरशी रोखण्यासाठी सल्फर डायऑक्साइड वायू सोडणारा पॅड असतो. माल गरम असताना पेटी बंद केली तर आत पाणी सुटते, पॅडमधून वायू भसकन निघतो आणि मण्यांवर पांढरे डाग पडतात. शीतगृह, खोके, प्रयोगशाळा, रेफ्रिजरेटेड कंटेनर यांची मागणी अशी बागेतून निघते.

वाइनचे गणित वेगळे. लहान मणी आणि जाड साल हवी, त्यामुळे डिपिंगचे सगळे कसब तिथे निरुपयोगी. राज्याच्या २००१ च्या धोरणाने सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क उभे राहिले. पण वाइन करता येणे आणि ती विकता येणे यांतली दरी अनेक छोट्या वायनरींना झेपली नाही.

थॉम्पसनच्या काड्या शेजाऱ्याच्या बागेतून मोफत येत. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने आणलेल्या ‘आरा’सारख्या संरक्षित वाणांची काडी मात्र परवाना आणि स्वामित्वशुल्काशिवाय लावता येत नाही.