इंग्लंडमधला वॉर्ड आणि काउन्सिलची निवडणूक

वॉर्ड म्हणजे इंग्लंडमधल्या लोकल काउन्सिलच्या निवडणुकीतला मतदारसंघ, आपल्याकडे महापालिकेचा प्रभाग असतो साधारण तसाच. एका वॉर्डातून एक, दोन किंवा तीन काउन्सिलर निवडून जातात आणि त्यांची टर्म ४ वर्षांची असते. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा मोठा भाग, तिच्या काउन्सिलच्या मतदारसंघाला कायद्यात डिव्हिजन म्हणतात, पण बोलताना लोक त्यालाही वॉर्डच म्हणून टाकतात.

मराठी माणसाच्या कामाची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण बऱ्याच जणांना ती वर्षानुवर्षं तिकडे राहूनही माहीत नसते. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे इंग्लंडमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला या निवडणुकीत मत देता येतं, मग तो वर्क व्हिसावर असो नाहीतर स्टुडंट व्हिसावर, त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. वय १८ पूर्ण पाहिजे आणि मतदार यादीत नाव पाहिजे, ते ऑनलाइन नोंदवता येतं, नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरीला लागताना मिळतो तो सरकारी नंबर) असेल तर हाताशी ठेवायचा आणि मतदानाच्या १२ वर्किंग डे आधी अर्ज टाकायचा. उभं राहायचं असेल तर मात्र कायमस्वरूपी राहण्याची परवानगी लागते. गंमत अशी की २०२० नंतर तिथे गेलेल्या फ्रेंच माणसाला मे २०२४ पासून हे मत नाही पण कालपरवा नागपूरहून मास्टर्सला गेलेल्या मुलीला आहे, आणि हा हक्क वापरायचा सोडून आपण घरी बसतो याचं खरंच वाईट वाटतं.

भारतीय माणसं तिथल्या काउन्सिलांत बसायला लागली तेही आजकाल नाही. व्ही. के. कृष्ण मेनन हे १९३४ ते १९४७ लंडनमधल्या सेंट पँक्रस बरोचे (बरो म्हणजे स्वतःचं काउन्सिल असलेला शहराचा भाग) काउन्सिलर होते, भारताचे संरक्षणमंत्री व्हायच्या कितीतरी आधी. त्याच १९३४ साली डॉ. चुनीलाल कटियाल लंडनच्याच फिन्सबरी बरोत निवडून आले आणि १९३८ मध्ये तिथले मेयर झाले, त्याच वर्षी उघडलेलं फिन्सबरी हेल्थ सेंटर उभं राहण्यात त्यांचा मोठा वाटा होता, म्हणजे एका डॉक्टर काउन्सिलरमुळे गरीब वस्तीला दवाखाना मिळाला आणि तोही एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू व्हायच्या १० वर्षं आधी.

वॉर्ड ही व्यवस्था तशी फार जुनी, सिटी ऑफ लंडनचे, म्हणजे लंडनच्या मधल्या जुन्या छोट्या भागाचे, २५ वॉर्ड मध्ययुगापासूनचे आहेत. बाकी शहरांत निवडून आलेली काउन्सिलं १८३५ च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स ॲक्टनं आली. कर भरणाऱ्या बायकांना शहराच्या निवडणुकीत १८६९ मध्ये मत मिळालं, पार्लमेंटसाठी त्यांना १९१८ पर्यंत थांबावं लागलं, म्हणजे दार आधी वॉर्डातच उघडलं. आजची काउंटी आणि डिस्ट्रिक्ट (काउंटीतला छोटा भाग) काउन्सिलं १९७२ च्या कायद्यातली, १ एप्रिल १९७४ पासून सुरू झाली, लंडनचे ३२ बरो त्याआधीचे, १९६५ चे.

वॉर्डाच्या सीमा सत्ताधारी पक्ष आखत नाही हे महत्त्वाचं. ते काम लोकल गव्हर्नमेंट बाउंडरी कमिशन फॉर इंग्लंड या स्वतंत्र संस्थेकडे आहे, ती २०१० मध्ये सुरू झाली. एका काउन्सिलरमागे मतदार जवळपास सारखे यावेत, लोकांची जी खरी वस्ती-मोहल्ला आहे तो मधूनच कापला जाऊ नये आणि कारभार नीट चालावा असे तीन निकष बघतात. बर्मिंगहॅममध्ये पूर्वी प्रत्येकी तीन जणांचे ४० वॉर्ड होते, १२० काउन्सिलर. २०१८ पासून ६९ वॉर्ड झाले, त्यातले ३७ एकाचे आणि ३२ दोघांचे, मिळून १०१. शहर अकरा लाखांच्या वर, म्हणजे एका काउन्सिलरमागे ११ हजारांहून जास्त माणसं. उलट आयल्स ऑफ सिली या बेटांवर जेमतेम २ हजार वस्तीला १६ काउन्सिलर आहेत. मुंबईत २०११ च्या जनगणनेनुसार सव्वा कोटीच्या घरात लोकसंख्या आणि नगरसेवक २२७, तेव्हा बर्मिंगहॅमवाले जास्त ओझ्याची तक्रार करतात ती ऐकताना हा आकडाही लक्षात ठेवावा.

मतदान बहुतेक वेळा मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १०. काही काउन्सिलांची सगळी निवडणूक ४ वर्षांतून एकदाच होते, काही ठिकाणी दरवर्षी एक तृतीयांश जागा आणि चौथं वर्ष मोकळं. लंडनचे बरो पहिल्या प्रकारात, बहुतेक मेट्रोपॉलिटन बरो, म्हणजे लंडनबाहेरच्या मोठ्या शहरी भागांतले, दुसऱ्या. मतदान केंद्र शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये, कधी पबमध्ये सुद्धा असतं. दारात छातीला पक्षाच्या रंगाची रिबन लावलेले कार्यकर्ते यादीतला नंबर विचारतात, तो सांगायलाच हवा असं काही नाही. २०२३ पासून फोटो आयडी लागतो आणि त्यात भारतीय पासपोर्ट चालतो कारण कॉमनवेल्थ देशांचे पासपोर्ट यादीत आहेत. काहीच नसेल तर व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट फुकट मिळतं. मशीन नाही, बोटाला शाई नाही. कागदी मतपत्रिका, आडोशाला एक उंच फळी, दोरीला बांधलेली पेन्सिल, आणि नावापुढे फुली मारायची.

आता जागा तीन असतील तर फुल्याही तीनपर्यंत मारता येतात, आणि इथेच आपल्या लोकांचा गोंधळ होतो. महाराष्ट्रात मुंबई सोडून बाकी महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग असतो तेव्हा अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असतात, प्रत्येक जागेला एक मत द्यायचं आणि जागांना महिला, ओबीसी, एससी-एसटी आरक्षण असतं. इंग्लंडमध्ये असं काही नाही, सगळे उमेदवार एकाच कागदावर, आडनावाच्या क्रमानं, आणि सगळ्यात जास्त मतं घेणारे तिघं निवडून आले. एकाच पक्षाचे तीन उमेदवार असतील तर वरच्या आडनावाच्या माणसाला थोडी जास्त मतं पडतात हे तिथल्या कार्यकर्त्यांना चांगलंच ठाऊक असतं. आरक्षण कुणालाच नाही, बाईला तिकीट मिळेल की नाही ते पक्षाच्या मर्जीवर. डिपॉझिट भरायला लागत नाही ही मात्र चांगली सोय.

मोजणीत खरी कसरत या तीन फुल्यांची. ज्यानं तिन्ही फुल्या एकाच पक्षाला दिल्या त्या मतपत्रिकांचा गठ्ठा सरळ बाजूला निघतो. पण कुणी एक लेबर, एक ग्रीन आणि एक ओळखीचा अपक्ष असं मिसळून दिलेलं असतं, त्या मतपत्रिका मोठ्या तक्त्यावर एकीला एक लागून, फुल्यांचा रकाना तेवढा दिसेल अशा लावतात आणि मग एकेका नावासमोरच्या फुल्या आडव्या मोजत जातात, टेबलापलीकडे पक्षांचे एजंट मान लांब करून बघत असतात, हात लावायचा नाही.

या पद्धतीचा मोठा दोष म्हणजे जागा आणि मतं यांचा मेळ बसत नाही. पूर्व लंडनच्या न्यूहॅम बरोमध्ये, म्हणजे ईस्ट हॅमच्या भागात, २०१०, २०१४ आणि २०१८ अशा लागोपाठ तीन निवडणुकांत लेबरनं ६० पैकी ६० जागा घेतल्या. दुसऱ्या पक्षांना मतं पडली होतीच पण काउन्सिलमध्ये त्यांच्या वतीनं प्रश्न विचारायला एकही माणूस नव्हता, आणि सत्तेतल्यांनीच सत्तेतल्यांची तपासणी करायची हे कुठेही बरं नाही, मग पक्ष कुठला का असेना. स्कॉटलंडनं २००७ पासून लोकल निवडणुकीला पसंतीक्रमाची पद्धत आणली, इंग्लंडनं नाही.

निवडून आलेल्या काउन्सिलरला पगार नसतो, भत्ता मिळतो, त्यामुळे बरेच जण नोकरी सांभाळून हे काम करतात. लोकांना भेटायच्या वेळेला सर्जरी म्हणतात, लायब्ररीत किंवा कम्युनिटी हॉलमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि भिंतीला आलेली ओल, न उचललेले बिन, शेजाऱ्याचं वाढीव बांधकाम, पार्किंग परमिट हे सगळं ऐकतात. जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन काउन्सिलं आहेत तिथे कचऱ्याला डिस्ट्रिक्टचा काउन्सिलर आणि रस्त्यातल्या खड्ड्याला काउंटीचा, नवा माणूस हमखास चुकीच्या दारात जातो. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिलला ब्रेंट काउन्सिलच्या हद्दीत आहे. अशा कुठल्याही मंडळाच्या हॉलचं लायसन्स किंवा बाहेरचं पार्किंग हे विषय पार्लमेंटात नाही, बरोच्या काउन्सिलमध्येच सुटतात. काउन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, किती हेही काउन्सिलर ठरवतात. बर्मिंगहॅमनं सप्टेंबर २०२३ मध्ये पैसे संपल्याची सेक्शन ११४ नोटीस काढली आणि पुढच्या वर्षी टॅक्स ९.९९ टक्के वाढला. ज्या काउन्सिलरचा स्वतःचाच टॅक्स दोन महिने थकलाय त्याला बजेटवर मत देता येत नाही, हा नियम आपल्याकडेही हवा असं मनापासून वाटतं.

सलग ६ महिने एकाही मीटिंगला न आल्यास, आणि काउन्सिलनं कारण मान्य केलं नसेल तर, पद जातं. जागा रिकामी झाली की वॉर्डातल्या फक्त दोन मतदारांनी लेखी मागणी केली तरी पोटनिवडणूक लागते, मुख्य निवडणूक ६ महिन्यांच्या आत असेल तर मात्र नाही.

मतदान साधारण तिघांत एकाचं होतं, कधी त्याहून कमी, आणि मतं समसमान पडली तर रिटर्निंग ऑफिसर, म्हणजे निवडणूक अधिकारी, तिथल्या तिथे चिठ्ठी किंवा काडी काढून निकाल लावतो. मे २०१७ मध्ये नॉर्थम्बरलंडच्या साउथ ब्लाइथमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट दोघांनाही ३५६ मतं पडली, फेरमोजणीतही तेच. काड्या ओढल्या, लिबरल डेमोक्रॅट बाई जिंकल्या, आणि ६७ जागांच्या त्या काउन्सिलमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह ३३ वर अडकले, बहुमताला एक कमी.